काढाल तसा कोंडा

सिंधुदुर्गातल्या एखाद्या जुन्या घरात गेलं, की पडवीच्या कोपऱ्यात जमिनीत पुरलेली दगडी व्हायन अजूनही दिसते. आता तिच्या तोंडावर फळी टाकलेली असते. गिरण गावात येण्याआधी घरातलं रोजचं भात याच खळग्यात कांडलं जाई. आधी घिरटावर भरडून तूस सोडवायचं, सुपानं पाखडून ते उडवायचं, आणि उरलेला तांबूस दाणा व्हायनीत ओतून दोघीजणी समोरासमोर उभ्या राहायच्या. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं. दाण्यावर दाणा घासला जाऊन त्याची पातळ साल सुटायची आणि चाळताना खाली पडायची. हाच कोंडा. हाताला मऊ, किंचित गोडसर वासाचा, मुठीत दाबला तर गोळा धरणारा. गोळा धरतो, कारण त्यात तेल असतं.

मराठीत इथे एक घोटाळा जुनाच आहे. बाहेरचं टरफल आणि तांदळाच्या अंगाची ही आतली साल, बोलताना दोन्हींना पुष्कळदा कोंडाच म्हणतात. पण दोघांची जात वेगळी. शंभर किलो भातात साधारण वीस किलो तूस निघतं. त्यात सिलिका भरपूर, म्हणजे वाळूचाच प्रकार. जनावराच्याही ते फारसं कामाचं नाही. खरा कोंडा निघतो सात-आठ किलो. तेल, प्रथिनं, तंतू, ब गटातली जीवनसत्त्वं आणि अंकुराचा चुरा, सगळं या सात-आठ किलोंत. मागे उरतो तो पांढरा तांदूळ बहुतांशी पिष्टच. हा कोंडा कशानं काढला यावर माणसाच्या तब्येतीचं पुष्कळ काही ठरत आलं आहे. मुसळानं, पोलादी यंत्रानं, उकळत्या पाण्यानं, अल्कोहोलनं की हेक्झेननं, प्रत्येक रीतीनं कोंड्यातलं वेगळं काही हाती आलं आणि वेगळंच काही वाया गेलं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगून, बँकॉक, सायगाव या बंदरांत वाफेवर चालणाऱ्या भाताच्या गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांना तांदूळ चकचकीत हवा होता, आणि त्याला रोकडं व्यापारी कारण होतं. कोंड्यातलं तेल खवट होतं, म्हणून सालीसकट तांदूळ जहाजाच्या पोटात आणि गोदामात फार दिवस टिकत नाही. साल पार खरवडून काढली, की तो महिनोन्‌महिने राहतो. तुरुंग, फलटणी, खाणी, मळे, जिथे जिथे माणसं मोजून जेवू घातली जात होती, तिथे हा टिकाऊ पांढरा तांदूळ पोहोचला. त्याच्या मागोमाग बेरीबेरी पोहोचली. पाय बधिर होत, चालताना लटपटत, अंगावर सूज चढे आणि एक दिवस हृदय बंद पडे.

जपानच्या आरमाराला याची झळ फार लवकर लागली. १८८३ साली ‘र्‍युजो’ ही युद्धनौका लांबच्या सफरीवरून परतली तेव्हा तिच्यावरच्या ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाली होती आणि २५ जण दगावले होते. आरमाराचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी पुढच्या वर्षी त्याच मार्गानं ‘त्सुकुबा’ पाठवली, पण खाणं बदलून. तांदूळ कमी, मांस, दूध, पाव जास्त. त्या सफरीत एकही माणूस बेरीबेरीनं मेला नाही. ताकाकींना वाटलं, प्रथिनं कमी पडत होती. कारण चुकलं, पण उपाय लागू पडला, आणि हजारो खलाशी वाचले.

कोंड्याकडे बोट दाखवलं ते कोंबड्यांनी. जावा बेटावर बटाव्हियाच्या लष्करी इस्पितळात डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान या रोगाचा जंतू शोधत होते. १८८९-९०च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक बेरीबेरीच्या रोग्यांसारख्या लटपटू लागल्या, आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केल्यावर कळलं, की मधल्या काळात त्यांना इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला शिजवलेला पांढरा भात मिळत होता. मग स्वयंपाकी बदलला. फौजेचा तांदूळ या कोंबड्यांना घालायला नव्या स्वयंपाक्यानं नकार दिला, त्या पुन्हा साध्या, साल न काढलेल्या तांदळावर आल्या आणि उभ्या राहिल्या. एका माणसाच्या काटकसरीनं वैद्यकशास्त्राला असा धागा क्वचितच मिळाला असेल.

जावाच्या नागरी आरोग्य खात्याचे निरीक्षक अडोल्फ वोर्डरमान यांनी मग १०१ तुरुंगांतल्या सुमारे पावणेतीन लाख कैद्यांची नोंद तपासली. जिथे पांढरा तांदूळ दिला जात होता तिथे दर ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी. जिथे साल राखलेला तांदूळ, तिथे दहा हजारांत जेमतेम एकाला. आइकमान यांची समजूत होती, की पांढऱ्या तांदळात विष आहे आणि कोंड्यात त्याचा उतारा. त्यांचे उत्तराधिकारी खेरिट ग्रिन्स यांनी १९०१मध्ये ती उलटी करून सरळ केली. तांदळात विष वगैरे काही नाही. कोंड्याबरोबर जगायला लागणारी एक वस्तू निघून जाते.

याच काळात मलायात एक गोष्ट डॉक्टरांच्या डोळ्यांत भरत होती, आणि ती कोकणी माणसाला ऐकायला आवडेल. कथलाच्या खाणीतले चिनी मजूर बेरीबेरीनं पटापट मरत होते, शेजारच्या मळ्यांवरचे तमिळ मजूर मात्र धडधाकट. दोघांचं मुख्य अन्न तांदूळच, तोही गिरणीतला. फरक एवढाच, की तमिळ माणूस उकडा तांदूळ खात होता. १९०५मध्ये विल्यम फ्लेचर यांनी क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात अर्ध्या लोकांना सुरय, म्हणजे न उकडलेला, आणि अर्ध्यांना उकडा तांदूळ देऊन पाहिलं. सुरय तांदळाच्या गटातले १८ जण बेरीबेरीनं मेले; उकड्याच्या गटातला एकही नाही. आज असा प्रयोग कुणी करू धजणार नाही, करूही नये. ती माणसं विचारल्याशिवाय पणाला लागली होती. पुढे हेन्री फ्रेझर आणि थॉमस स्टँटन यांनी नेग्री सेंबिलानच्या रस्त्यावर काम करणाऱ्या सुमारे तीनशे जावानी मजुरांवर हेच पडताळलं. दोन टोळ्यांचे तांदूळ मध्येच अदलाबदल केले, तर रोगही टोळी बदलून गेला.

उकड्या तांदळात नेमकं घडतं काय? भात भिजत घालून, मोठ्या भांड्यात उकडून, सारवलेल्या खळ्यात वाळत घालणं, हा कोकणातल्या, गोव्यातल्या, केरळातल्या घरांचा पावसाळ्यानंतरचा उद्योग. गरम पाणी टरफलातून आत शिरतं, सालीतलं आणि अंकुरातलं पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व सोबत घेतं आणि दाण्याच्या गाभ्याकडे जातं. त्याच वेळी गाभ्यातलं पिष्ट फुगून चिकट होतं आणि वाळताना काचेसारखं घट्ट बसतं. जीवनसत्त्व आत कोंडलं जातं. पुढे गिरणीनं साल खरवडली तरी बरंचसं आतच राहतं, तांदूळ धुतानाही फार जात नाही. त्यावर पेज प्यायची पद्धत, म्हणजे शिजवलेलं पाणीसुद्धा फेकायचं नाही. ज्या बायकांनी ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालवली त्यांना जीवनसत्त्व हा शब्द ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. उकडल्यानं टरफल लवकर सुटतं, कांडताना कणी कमी होते, हे मात्र त्यांच्या हातांना ठाऊक होतं. त्या हिशेबातून तब्येतही राखली गेली.

भारतात हा फरक नकाशावर दिसत होता. मद्रास इलाख्यातल्या तेलुगू किनारपट्टीत, जिथे गिरणीचा न उकडलेला तांदूळ खाल्ला जाई, तिथे बेरीबेरी मुक्कामाला होती; उकडा खाणाऱ्या शेजारच्या मुलखांत जवळपास नव्हती. निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८मध्ये बेरीबेरीच्या तपासासाठी एका खोलीत सुरू केलेलं काम पुढे पोषण संशोधनाची मोठी प्रयोगशाळा झालं. त्यांच्यानंतर आलेले वॉलेस आयक्रॉइड आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी तांदळाच्या प्रश्नावर १९४०मध्ये सविस्तर प्रबंध काढला. कुठल्या रीतीनं सडला, किती सडला, उकडून की न उकडता, किती पाण्यानं धुतला, पेज टाकली की ठेवली, प्रत्येक पायरीला काय हरवतं हे त्यात मोजलेलं आहे. ही कुन्नूरची प्रयोगशाळा पुढे पुन्हा येईल.

कोंड्यातली ती वस्तू हाती धरायची तर ती कोंड्यातून ओढून काढायला हवी. फ्रेझर-स्टँटन यांनी त्यासाठी अल्कोहोल वापरलं. टोकियोत उमेतारो सुझुकी यांनी १९१०मध्ये आणि लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये काझिमिर फुंक यांनी १९११मध्ये तेच केलं. सुझुकींनी अर्काला नाव दिलं ओरिझॅनिन, भाताच्या लॅटिन नावावरून. त्यांचा लेख जपानीत होता, म्हणून युरोपनं तो फारसा वाचलाच नाही. फुंक यांनी दिलेलं ‘व्हिटॅमिन’ हे नाव जगभर झालं. दोघांच्याही हाती जे शुद्ध स्फटिक लागले ते मात्र मुख्यतः निकोटिनिक आम्लाचे होते, आणि त्यांनी बेरीबेरी बरी होत नव्हती. अल्कोहोल कोंड्यातून एकच वस्तू आणत नाही, सगळा गोतावळा आणतं. तेच आम्ल १९३७मध्ये पेलाग्रा या दुसऱ्या रोगावरचा उपाय ठरलं.

खरी वस्तू पकडली ती पुन्हा बटाव्हियातच. १९२६मध्ये बी. सी. पी. यान्सेन आणि डब्ल्यू. एफ. डोनाट यांनी शेकडो किलो कोंडा आम्लयुक्त पाण्यात भिजवला. तो अर्क एका खास मातीला चिकटवून घेतला, मग मातीतून सोडवला, आणि अशा कित्येक पायऱ्या उतरल्यावर चिमूटभर स्फटिक उरले. प्रत्येक पायरीला औषध अर्कात आहे की चोथ्यात गेलं, हे सांगायला त्यांच्याकडे मुनियाच्या जातीचे छोटे पक्षी होते. पांढऱ्या तांदळावर ठेवलेली मुनिया अर्काच्या थेंबानं तग धरते की पाय आखडून पडते, हेच त्यांचं मापक. शुद्ध स्फटिक नंतर हॉलंडला आइकमान यांच्याकडे गेले आणि त्यांनी शहानिशा केली. तीन वर्षांनी आइकमान यांना नोबेल मिळालं.

याच वस्तूची रासायनिक रचना शोधून १९३६मध्ये ती प्रयोगशाळेत बनवणारे रॉबर्ट विल्यम्स हे मिशनरी कुटुंबातले अमेरिकन, पण जन्म १८८६चा, नेल्लोरचा, म्हणजे त्याच तेलुगू किनाऱ्यावरचा. १९१०मध्ये ते मनिलात नोकरीला असताना एडवर्ड व्हेडर या लष्करी डॉक्टरांनी त्यांच्या हातात कोंड्याच्या अर्काची बाटली दिली आणि यात बाळांना वाचवणारं काय आहे ते शोधून काढ, असं सांगितलं. फिलिपिन्समध्ये या अर्काला ‘टिकिटिकी’ म्हणत. बेरीबेरी झालेल्या आईच्या अंगावर पिणारी, निळी पडलेली मुलं त्याच्या काही थेंबांनी काही तासांत रंगावर येत. विल्यम्स यांना उत्तर मिळायला २६ वर्षं लागली. त्या उत्तराचं नाव थायमिन, ब-१.

जगात थायमिनचं कोडं सुटत होतं त्याच वर्षांत वर्ध्यात तांदळाचा प्रश्न दुसऱ्या टोकानं हाती घेतला जात होता. डिसेंबर १९३४मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. तिथल्या मगनवाडीत संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांनी बिऱ्हाड मांडलं आणि हातसडीचा तांदूळ हा संघाच्या पहिल्या कामांपैकी एक ठरला. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये गिरणीच्या तांदळाविरुद्ध आणि हातसडीच्या बाजूनं वारंवार लिहिलं. कुमारप्पांचं म्हणणं दुहेरी होतं. गिरणी तांदळातलं सत्त्व नेते आणि गावातलं काम नेते. एकाच पट्ट्यावर दोन्ही निघून जातात. स्वातंत्र्यानंतर हा विचार कायद्यातही उतरला. १९५८च्या भात गिरणी नियमन कायद्यानं नवी गिरणी उघडायला परवाना लागू झाला, हातसडीच्या धंद्याला संरक्षण मिळावं म्हणून. तो कायदा १९९७मध्ये रद्द झाला.

गिरणी जिंकली, आणि त्याचं कारण कांडणाऱ्या बाईच्या खांद्यांना विचारायला हवं. पहाटे उठून, कधी गरोदरपणात, कधी ताप अंगात असताना, घरातल्या दहा माणसांचा तांदूळ मुसळानं सडणं ही मेहनत होती, आणि ती बिनमोबदल्याची होती. हातसडीचं गुणगान करताना हे विसरणं अन्यायाचं आहे. गिरणीनं त्या बाईचे रोजचे तास परत दिले.

पण गावात आली ती गिरणी कोंड्याच्या दृष्टीनं सगळ्यांत वाईट होती. एंगलबर्ग हलर म्हणजे एक आडवा लोखंडी नळकांडा, आत कंगोरे असलेला रूळ. भात त्यात दाबलं जातं, घासलं जातं, टरफल आणि साल एकाच दमात भरडून खाली एकत्र पडतात, दाणेही बरेच मोडतात. हे यंत्र मुळात ब्राझीलमध्ये कॉफीसाठी तयार झालं होतं. त्यातून निघणारा कोंडा म्हणजे तुसाची भुकटीच जास्त. तेल काढायला तो परवडत नाही. गोठ्यात नाहीतर चुलीत जातो. कोंडा आणि तूस यांना एकच शब्द लावायची मराठी सवय या यंत्रानं खरी करून दाखवली. १९६०च्या दशकापासून रबरी रुळांच्या गिरण्या येऊ लागल्या. वेगवेगळ्या गतीनं फिरणारे दोन रबरी रूळ टरफल अलगद सोलतात, वारा ते उडवून नेतो, आणि मग वेगळ्या यंत्रात साल घासली जाते. कोंडा पहिल्यांदाच निखळ मिळू लागला.

निखळ मिळाला, पण टिकेना. दाणा अखंड असतो तोवर त्यातलं तेल आणि ते फोडणारं लायपेज हे विकर सालीच्या वेगवेगळ्या थरांत असतात, एकमेकांना भेटत नाहीत. गिरणीत साल खरवडताच दोघं एकत्र येतात आणि त्या क्षणापासून तेल आंबट व्हायला लागतं. दमट उन्हाळ्यात काही तासांत फरक कळतो. दोन-चार दिवसांत तेल खाण्यालायक राहत नाही. म्हणूनच भारतात कोंड्याचं तेल सुरुवातीला साबणाच्या कढईत गेलं. उपाय म्हणजे ताजा कोंडा लगेच तापवून विकर मारणं. अमेरिकेत १९८०च्या दशकात दाबयंत्रातून उष्णता देऊन कोंडा स्थिर करण्याची पद्धत बसवली गेली. उकड्या भाताच्या कोंड्यात विकर आधीच मेलेलं असतं. शिवाय उकडताना तेल बाहेरच्या थराकडे सरकतं, त्यामुळे साध्या कोंड्यात १५ ते २० टक्के तेल, तर उकड्यात २० ते २५. जीवनसत्त्व आत, तेल बाहेर. एकाच उकळीनं दोन उलट्या वाटा. रंग तेवढा काळपट पक्का होतो.

नुसत्या दाबानं कोंड्यातून तेल फारसं निघत नाही, घाण्याचा इथे उपयोग नाही. म्हणून हेक्झेन, पेट्रोलच्या कुळातला द्रव. पिठासारखा कोंडा वाफेनं मऊ करून आधी गोळ्या पाडतात, नाहीतर द्रव खाली झिरपतच नाही. गोळ्यांवरून हेक्झेन सोडतात, तो तेल धुऊन नेतो, मग तापवून हेक्झेन उडवतात आणि पुन्हा वापरतात. अल्कोहोलनं जे काढलं होतं त्याच्या अगदी उलट हा द्रव काढतो. थायमिन आणि तंतू चोथ्यात राहतात, जनावरांच्या पेंडीत जातात. तेल, मेण, ई जीवनसत्त्वाच्या कुळातलं टोकोट्रायनॉल आणि ओरिझॅनॉल द्रवाबरोबर येतात.

ओरिझॅनॉल हे नाव १९५४चं. जपानमध्ये कानेको आणि त्सुचिया यांनी कोंड्याच्या तेलातून ते वेगळं केलं, तेव्हा तो एकच पदार्थ वाटला होता. पुढे तो फेरुलिक आम्लाशी जोडलेल्या अनेक स्टेरॉलांचा समूह निघाला. जपाननं त्याचं औषध केलं. भारतात त्याचा पाठपुरावा केला तो त्याच कुन्नूरच्या प्रयोगशाळेनं. ती १९५८मध्ये हैदराबादला हलली आणि १९६९पासून राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तिथे सी. रुक्मिणी आणि टी. सी. रघुराम यांनी १९८०च्या दशकात उंदरांवर आणि मग माणसांवर कोंड्याचं तेल तपासलं. रक्तातलं कोलेस्टेरॉल घटताना दिसलं. त्याचं श्रेय ओरिझॅनॉलचं की साध्या स्टेरॉलांचं, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण ज्या संस्थेनं कोंडा हरवल्यानं होणाऱ्या रोगापासून सुरुवात केली, तिनंच सत्तर वर्षांनी कोंड्याच्या तेलावर शिक्का दिला, हे मनाला भिडतं.

बाटलीत मात्र ओरिझॅनॉल येईलच असं नाही. कच्चं तेल आंबट असतं. ते शुद्ध करायची जुनी रीत कॉस्टिक सोड्याची. आंबटपणा साबण होऊन तळाशी बसतो. ओरिझॅनॉलच्या रेणूतलं फेरुलिक टोक स्वतः किंचित आम्लधर्मी, त्यामुळे सोडा त्यालाही ओढून नेतो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं २००१मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत सोड्यानं ९३ ते ९५ टक्के ओरिझॅनॉल गेलेलं आढळलं. दुसरी रीत भौतिक. आधी डिंक आणि मेण काढायचं, मग निर्वातात कडक वाफ सोडून आंबटपणा उडवायचा. या रीतीनं ओरिझॅनॉल जवळपास सगळं राहतं, पण काही टोकोट्रायनॉल वाफेबरोबर जातं. बाजारातल्या भौतिक रीतीच्या तेलांत १.१ ते १.७ टक्के ओरिझॅनॉल मिळालं, सोड्याच्या तेलांत ०.२ टक्के. दोन्ही बाटल्यांवर नाव एकच, कोंड्याचं तेल. ग्राहकाला हा फरक लेबलावर ठळक दिसायला हवा. तो त्याचा हक्क आहे.

सगळा कोंडाच खा, असं सांगणाऱ्यांनीही थांबून पाहावं. जमिनीतलं आर्सेनिक भाताच्या दाण्यात येतं ते सालीतच जास्त साठतं. तेलात ते फारसं उतरत नाही, कोंड्याच्या पिठात उतरतं. बंगालसारख्या आर्सेनिकच्या पट्ट्यात पिकलेल्या भाताचा कोंडा आणि दुसरीकडचा कोंडा एकाच मापानं मोजता येत नाहीत.

आणि सोड्याच्या टाकीखाली बसलेला तो काळा साबण? कित्येक वर्षं तो स्वस्तात साबणवाल्यांना जात होता. त्यात कच्च्या तेलातलं जवळजवळ सगळं ओरिझॅनॉल असतं, हे लक्षात आल्यावर म्हैसूर आणि हैदराबादच्या प्रयोगशाळांनी ते परत सोडवण्याच्या रीती बसवल्या. साबण वाळवायचा, पुन्हा एका द्रवात घोळवायचा, पुन्हा स्फटिक पाडायचे. व्हायनीत मुसळाखाली सुटलेली ती तेलकट साल अशी सहाव्या-सातव्यांदा गाळून निघते, आणि पांढरी पूड होऊन औषधी गोळ्यांच्या कारखान्याकडे जाते.